‘मिस्टर काय करतात?’ : सिबिल स्कोअर, कर्ज आणि बाईपण, जात, धर्म

बाई असण्याचा, जातीचा, धर्माचा सिबिल स्कोअरवर आणि कर्जावर परिणाम होतो का? सरळ उत्तर आधी देऊन टाकतो. सिबिल स्कोअर काढताना तुम्ही बाई की पुरुष, जात कुठली, धर्म कुठला, यातलं काहीही मोजलं जात नाही. तरीही कर्ज मिळतं की नाही, किती मिळतं आणि कोणत्या अटींवर मिळतं, यात या सगळ्याचा हात असतो. हे दोन्ही खरं कसं, तेवढंच इथे सांगायचं आहे.

आधी स्कोअर, म्हणजे तुम्ही कर्ज कितपत नीट फेडता हे सांगणारा आकडा. लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवून तो काढणाऱ्या, रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या आपल्याकडे चार कंपन्या आहेत, त्यांना ‘ब्युरो’ म्हणतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल सगळ्यात जुनी, २००० सालची, म्हणून लोक चारही कंपन्यांच्या स्कोअरला ‘सिबिल’च म्हणतात. स्कोअर ३०० ते ९०० च्या मध्ये असतो. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढून समोर ठेवला तर पुढचं वाचायला सोपं जाईल.

वरच्या भागात नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, मोबाइल नंबर आणि हो, लिंगही छापलेलं असतं. ते ओळख पटवण्यापुरतं. जात-धर्माचा रकाना तिथे नाहीच. खरा मामला खालच्या भागात. तिथे प्रत्येक कर्जाची आणि क्रेडिट कार्डाची वेगळी चौकट असते आणि तिच्यात महिन्यागणिक बारीक घरं. हप्ता वेळेवर गेला की त्या महिन्याच्या घरात शून्यं. उशीर झाला की ३०, ६०, ९० असे उशिराचे दिवस. स्कोअर निघतो तो इथून. हप्ते वेळेवर गेले का, कार्डाच्या मर्यादेतलं किती वापरलं, खाती किती जुनी, तारणी कर्जं किती आणि बिनतारणी किती, गेल्या काही महिन्यांत किती ठिकाणी अर्ज केले. तुमचा पगारसुद्धा यात मोजत नाहीत. लोकांना हे पटत नाही, पण पन्नास हजार पगाराच्या माणसाचा स्कोअर ८०० आणि पाच लाखवाल्याचा ६२० असू शकतो.

म्हणजे गणित स्वच्छ आहे. गडबड होते ती गणितात काय घातलं जातं तिथे.

माझं काम लोकांची रिटर्न भरून द्यायचं, त्यामुळे कर्जाच्या फायली ओघाने समोर येतात. सिंहगड रस्त्यावर पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक काकू माझ्याकडे येतात. पहाटे कणकेला सुरुवात, दुपारी दीडला शेवटचा डबा रवाना, संध्याकाळी पुन्हा तेच. त्यांना पोळ्यांचं मशीन आणि मोठा फ्रीझर घ्यायला पाच लाख हवे होते. शॉप अ‍ॅक्ट होतं, उद्यम नोंदणी होती. धंदा तर डोळ्यांना दिसत होता, दारात रांग. पण त्यांच्या खात्याचं स्टेटमेंट उघडलं तर जवळजवळ रिकामं. काउंटरवर चिकटवलेला क्यूआर कोड मुलाच्या खात्याचा निघाला. स्मार्टफोन त्याच्याकडे आधी आला, त्याने लावून दिला, आणि तेव्हापासून आईची सगळी विक्री मुलाच्या स्टेटमेंटमध्ये जमा होत राहिली.

कर्जं पूर्वी घेतली होती का? घेतली होती की, दागिने ठेवून. बांगड्या काकूंच्या, पण गोल्ड लोन काकांच्या नावावर, कारण ‘बँकेत हेच गेले होते ना’. फेडलं काकूंनी, गल्ल्यातून. त्याची सगळी शून्यं काकांच्या अहवालात जाऊन बसली. भिशी म्हणाल तर कित्येक वर्षांची, आणि भिशी कधी चुकली नाही हे काकू अभिमानाने सांगतात. पण भिशीची नोंद कुठल्याच ब्युरोकडे जात नाही. काकूंच्या अहवालात स्कोअरच्या जागी ‘उणे एक’ होतं. त्याचा अर्थ वाईट असा नाही; कर्जाचा इतिहासच नाही असा.

शाखेतल्या साहेबांनी फाइल चाळली आणि विचारलं, ‘मिस्टर काय करतात?’

मिस्टर रिक्षा चालवायचे, आता गुडघ्यांमुळे घरीच असतात. शेवटी मुलगा सहकर्जदार झाला तेव्हा कर्ज मंजूर झालं. साहेबांना शिव्या घालणं सोपं आहे, पण त्यांच्यासमोरच्या कागदांपुरतं बोलायचं तर धंदा खरोखरच मुलाचा दिसत होता. प्रश्नाची खोच मात्र लक्षात घ्या. पुरुष अर्जदाराला ‘मिसेस काय करतात’ असं विचारतात ते रक्कम वाढवता येईल का हे बघायला. बाईला ‘मिस्टर काय करतात’ विचारतात ते मुळात द्यायचं का हे ठरवायला. आणि ‘इतिहास नाही’ एवढ्याच कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितलेलं आहे. शाखेत ते किती पोचलंय, हा वेगळा विषय.

काकू एकट्या नाहीत. नीती आयोगाने मार्च २०२५ मध्ये सिबिलच्या आकड्यांवर आधारलेला एक अहवाल काढला. २०२४ मध्ये बायकांनी घेतलेल्या कर्जांपैकी ३८ टक्के सोन्यावरची होती, आणि धंद्यासाठीची फक्त ३ टक्के. देशभर बायका दुकानं, शिवणयंत्रं, पार्लरं, खानावळी चालवताना दिसतात. कर्जाच्या वहीत मात्र त्या मुख्यतः दागिने घेऊन आलेल्या दिसतात.

नोकरदार बाईचं कसं? तिथे नोंदी असतात, पण गणित दुसरीकडून वाकतं. समजा नवरा-बायको दोघंही महिन्याला कार्डावर वीस हजार खर्च करतात आणि दोघंही तारखेला पूर्ण भरतात. त्याच्या कार्डाची मर्यादा दोन लाख, तिची पंचवीस हजार, कारण बाळंतपणानंतर तिने काही वर्षांनी कमी पगारावर पुन्हा सुरुवात केली. त्याचा वापर दहा टक्के, तिचा ऐंशी टक्के. ऐंशी टक्के वापर म्हणजे माणूस पैशांच्या ओढीत आहे, असं स्कोअरचं सूत्र समजतं. शिस्त दोघांची सारखी, स्कोअर तिचा कमी. सूत्राला ती बाई आहे हे माहीतच नाही, आणि तरी बाई असण्याची किंमत तिच्या आकड्यात उतरली.

आपल्याकडची आणखी एक खास भानगड म्हणजे लग्नानंतरचं नाव. महाराष्ट्रात नुसतं आडनाव बदलत नाही. मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आणि काही घरांत पहिलं नावही बदलतात. पॅन माहेरच्या नावाचं, आधार सासरचं, शैक्षणिक कर्ज तिसऱ्याच स्पेलिंगचं. ब्युरो नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता, मोबाइल जुळवून एका माणसाच्या नोंदी एकत्र करतात. पॅनचा नंबर जन्मभर तोच राहतो, म्हणून बहुतेक वेळा निभावतं. पण एखाद्या जुन्या कर्जाला पॅन जोडलेलं नसेल तर ती नोंद सुटून जाते, आणि चोख फेडलेलं शैक्षणिक कर्ज बाईच्या अहवालातून गायब होतं. पुरुषाच्या फायलीत हा प्रकार मी क्वचितच पाहिलाय.

आता जातीकडे, धर्माकडे. या विषयावर जगात सगळ्यात जास्त कायदे आणि अभ्यास अमेरिकेत झाले, कारण तिथे वर्णभेद अगदी नकाशावर रंगवून केला गेला. १९३० च्या दशकात तिथल्या एका सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे काढून ‘धोक्याच्या’ वस्त्या लाल रंगात दाखवल्या. काळ्या लोकांच्या वस्त्या सरसकट त्या लालात गेल्या. ‘रेडलायनिंग’ हा शब्द तिथून आला. १९६८ मध्ये घरांबाबतचा भेदभाव कायद्याने बंद झाला. कर्जात बाई-पुरुष किंवा लग्न झालंय की नाही असा भेद करायला १९७४ च्या कायद्याने मनाई केली. त्याआधी तिथल्या बायकांकडे क्रेडिट कार्डासाठी नवऱ्याची सही मागायचे! १९७६ मध्ये त्याच कायद्यात वंश, वर्ण, धर्मही आले. (योगायोग असा की त्याच १९७४ साली आपल्या पुण्यात बायकांनी चालवायची भगिनी निवेदिता सहकारी बँक उभी राहिली. आपण अगदीच मागे होतो असं नाही.)

कायदा झाला, स्कोअर आला, त्याने काय फरक पडला? अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, २००७ मध्ये तिथल्या संसदेला एक मोठा अहवाल दिला. काळ्या आणि हिस्पॅनिक लोकांचे स्कोअर सरासरीने गोऱ्यांपेक्षा बरेच कमी निघाले. पण स्कोअरचे घटक म्हणजे वंशाची छुपी खूण आहे, असं काही सापडलं नाही. मग २०१९ मध्ये अ‍ॅपल कंपनीच्या क्रेडिट कार्डाचा गाजावाजा झाला. एका नामवंत सॉफ्टवेअरवाल्याने जाहीर तक्रार केली की आम्हा नवरा-बायकोचं सगळं सामायिक असूनही मला बायकोच्या वीसपट मर्यादा मिळाली. न्यूयॉर्कच्या नियामकांनी चौकशी केली आणि मार्च २०२१ मध्ये निष्कर्ष दिला: कायदेभंग आढळला नाही. घर एक असलं तरी प्रत्येकाच्या नावावरच्या नोंदी वेगळ्या असतात आणि बँक त्याच बघते. आमच्या काकूंचीच गोष्ट, फक्त डॉलरमध्ये.

आपल्याकडे जातीचा प्रश्न स्कोअरच्या आधी आणि स्कोअरच्या नंतर उभा राहतो. आधी म्हणजे जामीनदार. पतसंस्थेत किंवा लहान सहकारी बँकेत कर्ज मागायला गेलात की दोन जामीनदार आणा म्हणतात, शक्यतो पगारदार, शक्यतो सभासद. ज्याच्या गोतावळ्यात महापालिकेतला कारकून, शाळेतले सर, कंपनीतला पर्मनंट माणूस आहे, त्याचं काम एका फोनवर होतं. ज्याच्या घरात पगाराची पावती पहिल्यांदाच आलीय, त्याने कोणाच्या दारात उभं राहायचं? नियम सगळ्यांना सारखा. ओळखीपाळखी मात्र जातीच्या वाटेनेच आलेल्या. बरं, जामीन राहिलात तर ते कर्ज तुमच्याही अहवालात दिसू शकतं, त्यामुळे नकार देणाऱ्यालाही पूर्ण दोष देता येत नाही.

नंतर म्हणजे टेबलाच्या पलीकडचा माणूस. स्कोअरला आडनाव कळत नाही, पण महाराष्ट्रात आडनाव वाचून जातीचा अंदाज बांधणं ही बऱ्याच जणांची नकळत सवय आहे. याचा परिणाम मोजलेला एक चांगला अभ्यास आहे. फिसमन, पॅराविसिनी आणि विग या तीन अर्थतज्ज्ञांनी भारतातल्या एका मोठ्या सरकारी बँकेची आकडेवारी तपासली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. सरकारी बँकेत अधिकाऱ्यांच्या बदल्या होत राहतात. त्यामुळे त्याच शाखेत, त्याच भागातल्या ग्राहकांसमोर वेगवेगळ्या जाती-धर्मांचे साहेब येऊन जातात. तुलना करायला अगदी सोयीचं. आढळलं असं की साहेब आणि कर्जदार एकाच जाती-धर्माचे असले की कर्ज जास्त मिळतं आणि तारण कमी मागितलं जातं. इथपर्यंत कोणीही म्हणेल, हे आम्हाला ठाऊकच होतं. पण पुढचा भाग गुंतागुंतीचा आहे: अशी कर्जं बुडली नाहीत, उलट जास्त चांगली फेडली गेली. म्हणजे साहेबांनी आपल्या माणसाला डोळे झाकून पैसे दिले नव्हते. आपल्या माणसाची पारख त्यांना जास्त चांगली करता येत होती. हा मला निव्वळ पक्षपातापेक्षा जास्त अडचणीचा प्रकार वाटतो. पक्षपात नियमाने पकडता येतो. पण ज्यांच्या जातीतला साहेब त्या खुर्चीवर कधी बसलाच नाही, त्यांची पारख कोणी करायची?

नियम तसे स्पष्ट आहेत. कर्ज देताना लिंग, जात आणि धर्म यावरून भेद करायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने २००३ च्या आचारसंहितेतच लिहून ठेवलंय. त्यात दुर्बल घटकांसाठीच्या योजनांची सूट आहे. म्हणूनच काही फॉर्मवर जातीचा रकाना दिसतो आणि लोक बिचकतात. बँकांना आपल्या कर्जांचा ठरावीक वाटा, सध्या १२ टक्के, दुर्बल घटकांना द्यावा लागतो. अनुसूचित जाती-जमाती, लहान शेतकरी, ठरावीक रकमेपर्यंत कर्ज घेणाऱ्या बायका त्यात मोडतात. रकाना असतो तो हा हिशेब लावायला. मार्च २०२५ पर्यंत चाललेल्या स्टँड-अप इंडिया या नव्या उद्योगांसाठीच्या कर्जयोजनेत तर बाई असणं किंवा अनुसूचित जाती-जमातीचं असणं हीच पात्रता होती.

जागेचा मुद्दा मात्र नियमांच्या फटीतून सुटतो. मुस्लिमांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं होतं की काही बँका ठरावीक भाग ‘निगेटिव्ह झोन’ म्हणून बाजूला काढतात आणि तिथे कर्ज सहज देत नाहीत. अशा यादीत जात-धर्म लिहिलेला नसतो. वसुली जमत नाही, पत्ता सापडत नाही, घराचे कागद नाहीत, अशी कारणं असतात, आणि ती पुष्कळदा खरीही असतात. पुण्याच्या कडेची गुंठेवारी घ्या. शेतजमिनीचे गुंठे पाडून विकलेले, मंजूर नकाशा नाही, म्हणून बँका तिथल्या घरावर गृहकर्ज द्यायला तयार होत नाहीत. कायदेशीर बाजूने बँक बरोबर. पण गुंठाभर जागा घेऊन पत्र्याचं का होईना स्वतःचं घर बांधणारे कोण? मजूर, घरकामवाल्या, रिक्षावाले, गाव सोडून आलेली कुटुंबं. त्यांना बँकेच्या दराने पैसे मिळत नाहीत, मग फायनान्सवाला, मग सावकार. महाग कर्जाचा हप्ता चुकण्याची शक्यता जास्त, आणि एखादा चुकला की अहवालातल्या त्या महिन्याच्या घरात ३० चा आकडा बसलाच. आता हा आकडा पूर्ण खरा आहे आणि त्यात जात कुठेही नाही.

बायकांना मिळणाऱ्या सवलतींचंही सांगायला हवं. बऱ्याच बँका बाई कर्जदार असेल तर गृहकर्जाच्या व्याजात ०.०५ टक्के सूट देतात. पन्नास लाखांचं वीस वर्षांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी धरलं तर हप्त्यात दीडशे-एकशे साठ रुपयांचा फरक, पूर्ण मुदतीत अडतीस हजारांच्या आसपास. मुद्रांक शुल्काची सूट जास्त कामाची: महाराष्ट्रात २०२१ पासून बाईच्या नावाने घर घेतलं तर एक टक्का कमी, म्हणजे सत्तर लाखांच्या फ्लॅटवर सत्तर हजार. अशी सरसकट व्याजसवलत अमेरिकेत दिली तर तोही लिंगभेदच ठरेल. आपल्याकडे ती चालते, आणि माझ्या मते चालायलाच हवी. शुल्क वाचवायला का होईना, फ्लॅट बायकोच्या नावावर होतो, आणि मग तिच्याकडे एक मालमत्ता आणि एक कर्जखातं उभं राहतं. सावधगिरी एवढीच की सहकर्जदार म्हणून सही केली आणि हप्ते नवऱ्याने थकवले तर तिचाही स्कोअर त्याच वेगाने खाली येतो. हप्ता कोणाच्या खात्यातून जायचा होता, हे ब्युरो विचारत नाही.

मोबाइलवरच्या कर्ज अ‍ॅपचं थोडक्यात. यंत्र ठरवतंय म्हणजे निःपक्ष, असं तिथे ठामपणे सांगतात. पण फोन कोणता, पिनकोड कोणता, खरेदी कुठे करता, अशा खुणा जोडल्या की बाई-पुरुष, वस्ती आणि पैसा यांचा अंदाज यंत्राला आपोआप येतो, कोणी रकाना भरायची गरजच नसते. अ‍ॅपने कर्जदाराची संपर्कयादी, कॉलची नोंद, फोटो यांना हात लावायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावलंय. पिनकोड मात्र फॉर्ममध्ये आपणच भरतो.

यातलं आपल्या हातात काय आहे? काकूंच्या काउंटरवर आता काकूंच्या खात्याचा क्यूआर आहे, आणि पुढचं गोल्ड लोन, वेळ आलीच तर, त्यांच्या नावावर होईल. बायकांनी आपला अहवाल काढून बघावा, आणि त्यात मोबाइल नंबर कोणाचा आहे हे आधी तपासावं. कोणी तुमचा अहवाल मागवला की त्याची सूचना एसएमएस किंवा ईमेलने द्यावी लागते; नंबर नवऱ्याचा असेल तर ती सूचना त्यालाच जाते. अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी मागा. रक्कम कितीही असो, क्रेडिट कार्डाचा अर्ज असला तरी, ते देणं बँकेवर बंधनकारक आहे, आणि ‘वरून नाही आलं’ हे कारण होत नाही. बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. अहवालात चूक असेल, माहेरच्या नावाचं कर्ज सुटलं असेल, तर ब्युरोकडे तक्रार नोंदवून पावतीचा नंबर जपून ठेवा. तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही तर त्यानंतरच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळायचा नियम आहे, आणि ती मागावी.